शास्त्राभ्यास : ‘प्रमुख याजक’ ह्या शब्दाचा अर्थ

(वाचावयाचे भाग : लेवीय ४:१–१२ व अध्याय १६, मार्क १४:५३–६५, इब्री ४:१४ ते ५:१० आणि १३:१०–१३)

गेल्या दुःखसहनाच्या आठवड्यात गोदाकाठच्या एका लहान मंडळीत आम्ही कयफाच्या वाड्यातील प्रसंग वाचून दाखविला. प्रार्थना झाली, लोक उठू लागले, तेव्हा दाराशी बसलेल्या एका वृद्ध बाईने आम्हांस थांबविले. ती म्हणाली, “पाळकसाहेब, एक इचारू का? आपल्या प्रभूला ज्यानं दोषी ठरवलं, अंगावरचे कपडे फाडले, त्यो प्रमुख याजक. आन् मागल्या ऐतवारी तुम्ही पत्रातून वाचलं का प्रभूच आपला प्रमुख याजक हाय. मारणाऱ्याचं नाव बी त्येच, आन् तारणाऱ्याचं बी त्येच. हे कसं?”

आम्ही उभ्या उभ्या उत्तर दिले की, आजी, तो याजक निराळा आणि हा निराळा. नाव एक असले म्हणून माणूस एक होत नाही. तिने मान हालविली, परंतु जाता जाता म्हणाली, “तसं असंल. पर त्या नावाची मला भीतीच वाटती.”

परत येताना वाटभर तिचे हे शब्द आमच्या कानांत होते. आमचे उत्तर खोटे नव्हते, पण अपुरे होते. हे नाव दोघांस योगायोगाने लागलेले नाही. ज्याने इब्री लोकांस पत्र लिहिले त्याला वधस्तंभाचा वृत्तांत ठाऊक होता, आणि तो कोणाच्या निवाड्याने घडला हेही ठाऊक असलेच पाहिजे. तरीसुद्धा त्याने समजून उमजून तोच शब्द प्रभूस लाविला. उपदेशक बंधूंना हा प्रश्न इतर गावीही कोणी ना कोणी विचारीत असेलच. म्हणून त्या शब्दाचा शोध आम्ही ह्या पाठात घेतो.

नव्या कराराचे मूळ लिखाण ग्रीक भाषेत आहे. तेथे हा शब्द ‘आर्खिएरेउस’ असा आहे. ‘आर्खि’ आणि ‘हिएरेउस’ ह्या दोहोंचा तो जोड होय. जोडताना मधला हकार गळून जातो. ‘हिएरेउस’ म्हणजे याजक. पवित्र, देवासाठी वेगळे काढलेले, अशा अर्थाच्या ‘हिएरोस’ शब्दापासून तो निघाला. आपला ‘याजक’ हा शब्द संस्कृत यज् धातूपासून आला आहे, तेव्हा यज्ञ करणारा तो याजक. म्हणजे ग्रीक शब्द पवित्र वस्तूकडे बोट दाखवितो व मराठी शब्द त्या माणसाच्या कामाकडे. दोन्ही गोष्टी पुढे लागणार आहेत.

‘आर्खि’ हा भाग ‘आर्खे’ ह्या शब्दाच्या कुळातील आहे, आणि त्या शब्दाचे दोन अर्थ आहेत : आरंभ आणि सत्ता. जो पहिला उभा राहतो तोच हुकूम चालवितो, असा त्या भाषेचा हिशेब दिसतो. नव्या करारात ह्या जातीचे आणखी शब्द आहेत. जक्कय हा ‘आर्खितेलोनेस’ होता, म्हणजे जकातदारांचा मुख्य (लूक १९:२). पौल स्वतःस ‘आर्खितेक्तोन’ म्हणवितो, म्हणजे इमारतीचा पाया घालणारा मुख्य कारागीर (१ करिंथ ३:१०). आणि पेत्र प्रभूस ‘आर्खिपोइमेन’ म्हणतो, म्हणजे मुख्य मेंढपाळ (१ पेत्र ५:४). हा शेवटचा शब्द आम्हां पाळकांनी अंथरुणाजवळच्या भिंतीवर लिहून ठेवण्यासारखा आहे. कळप आपला आहे असे वाटू लागले म्हणजे तो वाचावा.

तेव्हा शब्दाचा नुसता कोशातला अर्थ ‘याजकांतील पहिला व त्यांवर सत्ता चालविणारा’ एवढाच होतो. हा शब्द मुळात यहूद्यांचा नव्हे. ख्रिस्तापूर्वी पाचव्या शतकातील ग्रीक इतिहासकार हेरोदोत ह्याने मिसर देशातील देवळांच्या याजकांचे वर्णन करिताना तो वापरला आहे. रोमी राज्यात जे सर्वांत मोठे याजकपद होते ते औगुस्त कैसराने इ. स. पूर्व १२ मध्ये स्वतःकडे घेतले, व पुढील कैसरांनी ते चालविले. ग्रीक शिलालेखांत कैसरास ह्याच शब्दाने संबोधिलेले आढळते. तिबिर्य कैसराच्या चांदीच्या नाण्यावर एका बाजूस त्याचे मुख आणि दुसऱ्या बाजूस हे याजकपद कोरलेले असे. कर द्यावा की न द्यावा असे विचारणाऱ्यांकडून प्रभूने जे नाणे मागून घेतले (मार्क १२:१५–१६), ते हेच असावे असे बहुतेक विद्वान मानितात. म्हणजे ज्या तळहातावर ते नाणे ठेविले, त्या हाताचा धनी कोण होता आणि नाण्यावर ‘महायाजक’ म्हणून कोणाचे नाव होते, हे वाचकाने पाहावे.

येथे एक गोष्ट उपदेशक बंधूंना सांगून ठेवितो. कित्येक उपदेशांत आम्ही ऐकले आहे की ह्या शब्दाचा मूळ अर्थ ‘पूल बांधणारा’ असा आहे. तो अर्थ ग्रीक शब्दाचा नव्हे. लॅटिन भाषेत त्या रोमी याजकाला ‘पोन्तिफेक्स’ म्हणत, व त्या शब्दाची फोड जुन्या रोमी पंडितांनी पुलावरून केली आहे. विचार गोड आहे, पण तो आर्खिएरेउस ह्या शब्दाच्या पदरी बांधू नये.

आता इब्री शास्त्राकडे वळू. जुन्या करारात ह्या अधिकाऱ्यास ‘कोहेन गादोल’ म्हणजे थोर याजक म्हटले आहे, आणि काही ठिकाणी ‘अभिषिक्त याजक’ असे म्हटले आहे. ख्रिस्तापूर्वी तिसऱ्या शतकापासून इब्री शास्त्राचे ग्रीकमध्ये भाषांतर होऊ लागले. त्यास सप्तती भाषांतर म्हणतात, आणि आरंभीच्या मंडळ्या बहुधा तेच वाचीत. त्या भाषांतरकारांनी ‘थोर याजक’ ह्याचे भाषांतर बहुतेक ठिकाणी शब्दशः केले व आर्खिएरेउस हा परका शब्द मोशेच्या पुस्तकांपासून जवळजवळ दूरच ठेविला. तरी शास्त्र पहिल्या पानापासून वाचीत गेले असता हा शब्द प्रथम कोठे भेटतो? लेवीय ४:३ मध्ये. आणि तेथे विषय काय आहे? अभिषेक झालेला आर्खिएरेउस पाप करील तर काय करावे, हा.

आम्ही सेमिनरीत असता हे प्रथम पाहिले, तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो होतो. शब्दाची पहिली ओळखच अशी! त्याचा झगा नव्हे, त्याचे रत्नजडित ऊरपट नव्हे, तर त्याचे पाप. आणि त्या पापाची किंमतही तेथे लिहिली आहे. साध्या माणसाने चुकून पाप केले तर त्याने बकरी आणावी, अधिकाऱ्याने बकरा आणावा. परंतु अभिषिक्त याजकाने पाप केले तर निर्दोष गोऱ्हा, आणि सबंध मंडळीने पाप केले तरीही गोऱ्हाच. म्हणजे त्या एकाचे पाप सगळ्या समाजाच्या पापाइतके जड, कारण त्याचा दोष लोकांवर येतो. त्या गोऱ्ह्याचे मांस कोणी खाऊ नये. कातडे, डोके, पाय, आतडी सर्व काही छावणीबाहेर नेऊन राखेच्या जागी जाळून टाकावे, अशी आज्ञा आहे. हे ‘छावणीबाहेर’ वाचकाने ध्यानात धरावे.

आणखी एक गोष्ट त्याच वचनात आहे. ‘अभिषेक झालेला’ ह्यासाठी तेथे जो ग्रीक शब्द आहे तो ज्या मुळापासून झाला, त्याच मुळापासून ‘ख्रिस्त’ हे नाव झाले आहे. पापी ठरू शकणारा आर्खिएरेउस आणि ख्रिस्त ह्या नावाचे मूळ, दोन्ही एका वचनात शेजारी शेजारी उभी आहेत. इब्री लोकांस पत्र लिहिणाऱ्याने सप्तती भाषांतर किती बारकाईने वाचले होते हे त्याच्या पानोपानी दिसते. ४:१५ मध्ये तो आपल्या प्रमुख याजकाविषयी ‘निष्पाप राहिला’ असे जेव्हा सांगतो, तेव्हा लेवीयाचे ते पान त्याच्या मनातून पुसले गेले असेल असे आम्हांस वाटत नाही.

प्रमुख याजकाचे थोर काम वर्षातून एकदा, सातव्या महिन्याच्या दहाव्या दिवशी असे. निर्गम २८ मध्ये वर्णिलेली वैभवाची वस्त्रे त्या दिवशी तो आत नेत नसे. दोन्ही खांद्यांवरच्या रत्नांवर सहा सहा वंशांची नावे, ऊरपटावर बारा रत्ने, कपाळावर सोन्याचे पत्र, झग्याच्या काठाला घुंगरे. हे सर्व उतरून, स्नान करून, तो साधी तागाची वस्त्रे घालून परमपवित्रस्थानात जाई. आधी गोऱ्ह्याचे रक्त, तेही स्वतःच्या व स्वतःच्या घराण्याच्या पापासाठी. मग बकऱ्याचे रक्त लोकांसाठी. लोक बाहेर. तो एकटा आत. त्याच्या मागे जाण्याचा कोणी विचारही करीत नसे.

मिश्ना म्हणून यहूदी गुरूंच्या वचनांचा एक संग्रह आहे, तो इ. स. २०० च्या सुमारास लिहून काढण्यात आला. त्यात ह्या दिवसाच्या तयारीचे वर्णन फार मनोवेधक आहे. सात दिवस आधी प्रमुख याजकाला घरातून काढून मंदिरातील एका खोलीत ठेवीत, आणि त्याला काही विटाळ झाला तर अडू नये म्हणून दुसरा एक याजक सिद्ध ठेवीत. वडील मंडळी त्याच्यापुढे शास्त्र वाचीत व त्यास म्हणत की, महाराज, तुम्हीही वाचा. कदाचित विसरला असाल, कदाचित शिकलाच नसाल. मग ते त्यास शपथ घालीत की सांगितल्यापैकी काही बदलणार नाही असे म्हणा. तेव्हा तो तोंड फिरवून रडे, आणि तेही तोंड फिरवून रडत. त्याने संशय घेण्याजोगे वर्तन केले म्हणून तो रडे काय, आणि आपण संशय घेतला म्हणून ते रडत काय! रात्री त्याला झोप लागू नये म्हणून तरुण याजक त्याच्यापुढे चुटक्या वाजवीत. एवढी काळजी एका माणसाची, कारण सर्व लोकांचे त्या एकावर अवलंबून होते.

(प्रमुख याजकाच्या पायाला दोर बांधून त्यास आत सोडीत, म्हणजे तो आत मेला तर ओढून काढता यावे, अशी गोष्ट पुष्कळ उपदेशांत सांगितली जाते. ती शास्त्रात नाही, योसेफसात नाही, मिश्नातही नाही. मंदिराचा नाश झाल्यानंतर हजार वर्षांहून अधिक काळाने यहूदी ग्रंथांत ती दिसू लागते. आम्ही स्वतः ती दोनदा सांगितली आहे. यापुढे सांगणार नाही.)

हे झाले पदाचे मूळ रूप. प्रभूच्या काळी त्याची काय दशा झाली होती? अहरोनाच्या वंशात बापामागून मुलाकडे जन्मभर चालणारे हे पद इ. स. पूर्व १७५ च्या सुमारास प्रथम उघड उघड विकले गेले. यासोन नावाच्या याजकाने आपल्या सख्ख्या भावास बाजूला सारून सिरियाच्या राजास ३६० तालांत चांदी व वर आणखी ८० तालांत कबूल केले आणि पद मिळविले. तीन वर्षांनी मेनेलाव नावाच्या दुसऱ्याने त्याहून ३०० तालांत अधिक बोलून ते त्याच्यापासून हिसकावले. मक्काब्यांच्या दुसऱ्या पुस्तकात हा लिलाव लिहिलेला आहे. पुढे हेरोद राजाने आपल्या मर्जीप्रमाणे याजक नेमावे व काढावे असे सुरू केले. अरिस्तबूल नावाचा एक तरुण प्रमुख याजक लोकांस फार आवडू लागला, तेव्हा यरीहो येथील तळ्यात खेळण्याच्या मिषाने त्यास बुडवून मारिले. हेरोदापासून इ. स. ७० मध्ये मंदिराचा नाश होईपर्यंत अठ्ठावीस प्रमुख याजक झाले, असे इतिहासकार योसेफस सांगतो. ज्या पदावर एक मनुष्य मरेपर्यंत राहावयाचा, तेथे शंभराहून थोड्या अधिक वर्षांत अठ्ठावीस!

हन्ना ह्यास रोमी अधिकाऱ्याने इ. स. ६ मध्ये नेमिले आणि दुसऱ्याने इ. स. १५ मध्ये काढिले. तरी त्याची सत्ता गेली नाही. त्याचे पाच मुलगे एकामागून एक त्या पदावर चढले, आणि जावई कयफा हा इ. स. १८ पासून ३६ पर्यंत टिकला. म्हणूनच लूक ३:२ मध्ये हन्ना व कयफा ह्या दोघांची नावे एकाच पदाशी जोडली आहेत. जेथे आपल्या मराठी शास्त्रात ‘मुख्य याजक’ असे पुष्कळ जणांविषयी म्हटले आहे, तेथेही ग्रीकमध्ये आर्खिएरेउस हाच शब्द अनेकवचनी आहे. पदावरचा, पदावरून उतरलेले, आणि ज्या चारदोन घराण्यांत हे पद फिरे त्यांतील मोठी माणसे, मंदिराचा कारभार व खजिना पाहणारे, असे सर्व त्यात येतात. शब्द देवाचा सेवक दाखविण्यापेक्षा घराणे आणि खजिना दाखवू लागला होता. १९९० साली यरुशलेमाच्या दक्षिणेस एक जुनी कबर उघडली. तीत अस्थी ठेवण्याची एक सुंदर कोरीव पेटी सापडली, आणि तिजवर ‘कयफाचा योसेफ’ अशा अर्थाचे नाव कोरलेले आहे. ती त्या कयफाचीच असे पुष्कळांचे मत आहे.

ह्याहूनही लाजिरवाणी एक गोष्ट योसेफसाने लिहून ठेविली आहे. प्रमुख याजकाची पवित्र वस्त्रे त्या काळी त्याच्या घरी नसत, मंदिरातही नसत. मंदिरालगतच्या अंतोनिया किल्ल्यात रोमी शिपायांच्या पहाऱ्यात कुलूपबंद असत. सणाच्या सात दिवस आधी ती मागून आणावी, शुद्ध करून घ्यावी, आणि सणानंतर परत करावी. कयफाच्या पदाच्या अखेरपर्यंत हीच वहिवाट होती. अभिषेकाचे तेलही दुसऱ्या मंदिरात नव्हते असे यहूदी परंपरा सांगते. तेव्हापासून याजकावर तेल ओतले जात नसे, फक्त वस्त्रे चढविली जात. आणि आतल्या परमपवित्रस्थानात कराराचा कोशही नव्हता. ती खोली रिकामी होती. तेल नाही, कोश नाही, वस्त्रे परक्याच्या किल्ल्यात. राहिले काय? नुसता ‘आर्खि’, नुसती सत्ता, तीही उसनी.

हे जाणून मार्काचा चौदावा अध्याय पुन्हा वाचावा. रात्र आहे, दिव्याच्या उजेडात आर्खिएरेउस उभा राहतो आणि बांधून आणलेल्या माणसास विचारतो की, तू ख्रिस्त आहेस काय? म्हणजे, तू अभिषिक्त आहेस काय? ज्याच्या डोक्यावर अभिषेकाचे तेल कधी पडले नाही तो हे विचारतो, आणि ज्याला पवित्र आत्म्याने अभिषेक झाला आहे तो उत्तर देतो की, मी आहे. तेव्हा प्रमुख याजक आपली वस्त्रे फाडितो. लेवीय २१:१० प्रमाणे ज्याच्या डोक्यावर तेल ओतले आहे त्याने वस्त्रे फाडू नयेत. त्या रात्री अंगावर कोणती वस्त्रे होती हे शास्त्र सांगत नाही, म्हणून ह्याविषयी आम्ही फार ताणीत नाही. योहान १९:२३ मधील बिनशिवणीचा अंगरखा शिपायांनी फाडला नाही, आणि प्रमुख याजकाचा झगाही बिनशिवणीचा असे असे योसेफस म्हणतो. परंतु योहान स्वतः हा संबंध जोडीत नाही, तेव्हा आम्हीही तो निश्चयाने जोडीत नाही. एवढे मात्र स्पष्ट आहे की त्या खोलीत एकाला नाव होते व काम नव्हते, आणि दुसऱ्याला काम होते व नाव नव्हते.

ते नाव इब्री लोकांस पत्रात त्यास दिले आहे. नव्या करारात आर्खिएरेउस हा शब्द सुमारे १२० वेळा आला आहे; त्यांपैकी सतरा वेळा एकट्या ह्या पत्रात. बाकीचे बहुतेक शुभवर्तमानांत व प्रेषितांच्या कृत्यांत आहेत, आणि तेथे तो प्रभूचा पाठलाग करणाऱ्यांचे नाव आहे. प्रभूस उघडपणे प्रमुख याजक म्हणणारे नव्या करारात हे एकच पुस्तक. मग पत्रकर्त्याने काय केले? त्याने शब्दातील सत्ता प्रथम काढून बाजूला ठेविली. पत्रात हा शब्द पहिल्यांदा येतो तो २:१७ मध्ये. आणि तेथे त्याला जोडलेली पहिली दोन विशेषणे ‘दयाळू’ व ‘विश्वसनीय’ अशी आहेत. हन्नाच्या घराण्याविषयी त्या काळच्या कोणा यरुशलेमकराने हे दोन शब्द वापरले असते काय?

मग तो वंशाची अडचण लपवीत नाही. प्रभू यहूदा वंशाचा. लेवीच्या वंशातला नव्हे. पृथ्वीवर असता तर तो याजक झालाच नसता, असे ८:४ मध्ये तो साफ सांगतो. म्हणजे आमचा प्रभू देहाने यरुशलेमास गेला तेव्हा पवित्रस्थानात पाऊल ठेवण्याचा त्यास जन्मसिद्ध अधिकार नव्हता. मंदिराच्या अंगणात तो शिकवी. आत याजक जात. आमच्या मंडळ्यांतील कित्येक घराण्यांच्या आजोबापणजोबांना देवळाची पायरी चढण्याची मनाई होती. नाशिकच्या काळाराम मंदिराच्या दारी १९३० साली डॉ. आंबेडकरांच्या पुढारीपणाखाली सत्याग्रह झाला तो ह्या मनाईमुळे, आणि मुंबई प्रांतात मंदिरप्रवेशाचा कायदा होण्यास १९४७ साल उजाडावे लागले. दाराशी बसणाऱ्या त्या बाईची आई त्या काळात वाढलेली. याजक म्हणजे आतला, आणि आपण बाहेरचे, हे तिला कोणी पुस्तकातून शिकविलेले नाही. नावाची भीती वाटते ती ह्यामुळे. तिला आम्ही ‘आठवा अध्याय, चौथे वचन’ त्याच दिवशी दाखवावयास पाहिजे होते.

उपदेशक बंधूंनी ४:१५ आणि ५:२ ही दोन वचने शेजारी ठेवून पाहावी. ५:२ मध्ये माणसांतून घेतलेल्या प्रमुख याजकाविषयी म्हटले आहे की तो अज्ञानी व भटकलेल्यांशी सौम्यपणे वागू शकतो, कारण तोही दुर्बळ आहे. तेथला ग्रीक शब्द ‘मेत्रिओपाथेइन’. त्याचा अर्थ आपल्या भावना मर्यादेत ठेवणे, राग आवरून वागणे. चांगल्या याजकाची ही परमावधी. पाप्याला पाहून तो संतापत नाही, एवढे. परंतु ४:१५ मध्ये प्रभूविषयी तो शब्द नाही. तेथे ‘सुंपाथेसाइ’ आहे, म्हणजे बरोबर सोसणे. मराठीत ‘सहानुभूती’ हा शब्द त्यास अगदी फोडून बसतो : सह आणि अनुभूती. आजकाल कोणी मेले की सहानुभूतीचे पत्र लिहितात, आणि शब्द पातळ झाला आहे. मूळात तो पातळ नाही. राग आवरणारा काठावर उभा असतो. बरोबर सोसणारा पाण्यात असतो. ५:७ मध्ये मोठ्या आक्रोशाने व अश्रूंनी केलेल्या प्रार्थनेचा उल्लेख आहे. मंदिरातला याजक आपल्यावर संशय घेतला म्हणून रडे. हा कोणासाठी रडला?

एकदाच झालेले अर्पण, आणि अर्पण संपल्यावर खाली बसणे (१०:११–१२), ह्यांविषयी पुष्कळ लिहिता येईल. परंतु ते वाचकांनी अनेकदा ऐकले आहे. कमी ऐकलेला शब्द ६:२० मध्ये आहे. तेथे आर्खिएरेउस ह्या शब्दाच्या जोडीला ‘प्रोद्रोमोस’ हा शब्द ठेविला आहे, म्हणजे पुढे धावणारा. सैन्याच्या पुढे वाट पाहावयास जे जात त्यांस हा शब्द लावीत. आमच्याकडे नदीला पाणी चढते तेव्हा एक जण हातात काठी घेऊन पुढे उतरतो. पाणी त्याच्या कमरेला लागते, छातीला लागते, पाय निसटतो, सावरतो, आणि पलीकडे जाऊन हाक मारतो. मग बाया, पोरे, शेळ्या सगळे त्याच रेषेने जातात. जुना प्रमुख याजक असा नव्हता. तो गेला त्या वाटेने कोणी जावयाचे नव्हते. पुढे धावणारा म्हटले की मागून येणारे आहेत असे कबूल करावेच लागते. ‘प्रमुख’ ह्या मराठी शब्दातही हे थोडेसे आहे : ज्याचे मुख पुढे, तो प्रमुख.

म्हणूनच पाळकास मंडळीचा प्रमुख याजक समजणे ही मोठी चूक होय. “साहेब, तुमची प्रार्थना लवकर पोहोचते,” असे म्हणून लोक आजाऱ्यास आमच्याकडे आणितात. आम्ही प्रार्थना करितो, आणि केलीच पाहिजे. परंतु त्या वाक्याने मनाला गोड वाटते हे आम्ही लपवीत नाही, आणि त्यात हन्नाच्या घरचा थोडा वास आहे हेही लपवीत नाही.

इब्री पत्रात हा शब्द शेवटचा येतो तो १३:११ मध्ये. आम्ही हे स्थळ अनेकदा वाचले होते, पण लेवीयाच्या चौथ्या अध्यायाशी ताडून पाहिले नव्हते. तेथे पत्रकर्ता सांगतो की ज्या पशूंचे रक्त प्रमुख याजक आत नेतो, त्यांची शरीरे छावणीबाहेर जाळितात. म्हणून येशूनेही वेशीबाहेर सोसले. शास्त्रात शब्द पहिल्यांदा आला तेथे आर्खिएरेउसाच्या पापाचा गोऱ्हा छावणीबाहेर नेला. शब्द शेवटी आला तेथे आर्खिएरेउस स्वतःच बाहेर गेला आहे. राखेच्या जागी. जेथे याजक कधी उभे राहत नाहीत तेथे.

पुढच्या महिन्यात त्या गावी गेलो तेव्हा ती बाई दाराशीच बसली होती. उपासना झाल्यावर आम्ही तिला ही दोन्ही स्थळे सांगितली. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “म्हंजी त्यो आधी भाईर व्हता?”

“होय, आजी. वेशीबाहेर.”

“आन् आता आत हाय?”

“आता आत आहे.”

“मंग आत गेल्यावर दार लावून घेतलं का?”

आम्ही मार्क १५:३८ काढून पडदा वरपासून खालपर्यंत फाटल्याचे वाचले. तिने मान हालविली, आणि वेशीबाहेरचे ते आधीचे पुन्हा वाचा म्हणाली. तिला कमी ऐकू येते; म्हणून आम्ही दाराशी जाऊन तिच्याजवळ जमिनीवर बसलो व तेराव्या अध्यायाच्या दहाव्या वचनापासून पुन्हा आरंभ केला.